अक्कांचा लाल टाका

“मधलं काय, कुणीबी बघतंय. आदी काठ बघा.”

असं म्हणून अक्का हनुवटी जरा वर उचलायच्या आणि दोन्ही हात पसरून टेबलावरच्या चादरीच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. नजर समोर, चादरीच्या बरोबर मधोमध. मान हलायची नाही, डोळेही हलायचे नाहीत. नवीन माणसाला वाटायचं, बाई चादर बघत नाहीत, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघताहेत. तेवढ्यात त्यांचा डावा हात उठायचा आणि डाव्या काठावर तुटलेल्या तारेवर, म्हणजे सुताच्या धाग्यावर, नेमका जाऊन टेकायचा. मधोमध बघत दोन्ही काठ एकदम टिपणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तुमच्या घरी सोलापुरी चादर असेलच. असेल तर आज पसरून बघा. तुमची नजर मधल्या फुलावर जाईल. माझीही जायची. फूल विणलेलंच असतं त्यासाठी. विणणाऱ्याची चूक मात्र पुष्कळदा काठाला असते. आडवा दोरा नेणारा धोटा एका टोकाकडून सुटतो, दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो आणि परत फिरतो. गडबड होते ती पळताना नाही, थांबून वळताना. हे मला अक्कांनी शिकवलं, आणि शिकवताना माझा बराच उद्धारही केला.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होता. पुढच्या शेडमध्ये माग, मागच्या बाजूला आमचं घडी खातं. मागावरून उतरलेली चादर कापून, टोकं शिवून आमच्याकडे यायची. अक्का ती तपासायच्या. पसंत पडली की कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायच्या, आणि मग एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला मी अशी आम्ही घडी घालायचो. चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही. दोन कोपरे त्यांनी धरायचे, दोन मी. मी चालत त्यांच्यापर्यंत जायचं, माझे कोपरे त्यांच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि पुन्हा मागे यायचं. वर्षानुवर्षं मी असा दिवसभर अक्कांकडे चालत गेलो आणि मागे आलो. माणूस ओळखायला ही रीत वाईट नाही.

त्या भवानी पेठेत धाकट्या भावाकडे राहायच्या. मूळ गाव कुंभारी. नवरा लग्नानंतर लवकरच वारला, मूलबाळ नव्हतं. घरात कन्नड बोलायच्या, कारखान्यात मराठी. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण, आमच्या मागावरच्या तेलुगू मंडळींतही तेच, आणि मराठीत तर आहेच. त्यामुळे कारखान्यात त्यांना दुसरं नाव कधी लागलंच नाही. मला त्या तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, तरी मी तम्माच.

नापसंत चादरीसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, “परत.” तो त्या इतक्या शांतपणे उच्चारायच्या की विणकराला शिवी परवडली असती. सगळ्यांत जास्त परत जायच्या त्या नरसय्याच्या. नरसय्या आमचा सगळ्यांत हुशार विणकर आणि सगळ्यांत तापट. चादर खांद्यावर टाकून तो तरातरा आमच्याकडे यायचा.

“अक्का, एक तार हाय ओ. कोण बघतंय?”

“मी बघतीया की.”

“गिऱ्हाईक बघत न्हाय.”

“गिऱ्हाईक पांघरतंय. बघायला मला ठिवलंय.”

नरसय्या मग तेलुगूत काहीतरी पुटपुटत जायचा. पण चार दिवसांनी चादर पास झाली की तोच आपल्या मागावरच्या माणसांना कोपरा उलटून दाखवायचा. “बघा, अक्कांचा टाका.” बाजारातही हळूहळू तसंच झालं. शेठजींनी चांगलं रंगीत लेबल छापून घेतलं होतं, पण जाणती गिऱ्हाइकं लेबल न वाचता कोपरा उलटायची. लाल टाका आहे ना, मग बांधा. शेठजी वरवर कुरकुरायचे आणि मनातून खूश असायचे. मलाही अभिमान वाटायचा. टाका अक्कांचा असला तरी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं.

आता आजाराचं सांगतो. आजार आजारासारखा आला असता तर कुणीतरी ओळखला असता. तो आला हुशारी होऊन. अक्कांचा हात आधीच चालता, तो एकदम पळायलाच लागला. दुपारच्या आत गठ्ठा संपायचा आणि त्या मागांच्या शेडच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या, “झोपलासा काय सगळी?” घडी घालताना मी दोन पावलं टाकेपर्यंत त्या माझ्यापर्यंत पोचलेल्या असायच्या. शेठजी सगळ्यांना त्यांचा दाखला द्यायचे. तरुण पोरांना लाजवतात म्हणायचे.

भूकही तशीच. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दह्याचा गडू एवढं संपवून त्या माझ्या डब्याकडे बघायच्या. मी डबा पुढे सरकवायचो. आणि एवढं खाऊन अंगावरचं पोलकं मात्र दिवसेंदिवस सैल होत होतं.

“अक्का, खाल्लेलं जातंय कुटं?” मी विचारलं.

“कामाला लागतंय की,” त्या म्हणाल्या.

उकाड्याचं तर विचारू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोण तक्रार करत नाही? पण अक्कांना संक्रांतीतही उकडायचं. गड्ड्याच्या यात्रेला आम्ही कानाला मफलर बांधून निघायचो आणि अक्का पदराने वारा घेत पुढे चालायच्या. लोक कौतुकाने बघायचे, देवाची कृपा आहे बाईंवर म्हणायचे. घडी खात्यात पंखा त्यांच्या बाजूला, आणि मी दुसऱ्या टोकाला कुडकुडत उभा. एकदा मी म्हटलं, अक्का, दिवसभर चादरी तपासता, घरी एखादी अंगावर घेत जा.

“चादर बघायची वस्तू हाय तम्मा, पांघरायची न्हाय. मला न्हाय लागत.”

मग हात कापायला लागले. अक्का ते दाखवायच्या नाहीत. कोपर टेबलाला टेकवून, मनगट दुसऱ्या हाताने धरून टाका घालायच्या. पूर्वी त्यांचा टाका छापल्यासारखा सरळ असायचा, आता जरा तिरका पडायला लागला. गळ्यात लिंगाची चांदीची डबी असायची, तिचा दोरा मानेला रुतायला लागला तसा त्यांनी तो सैल केला, पुन्हा सैल केला. तेव्हा भावजयीच्या लक्षात आलं की दोरा आखडलेला नाही, गळा वाढलाय.

डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी धरली, हात पुढे करायला लावले आणि सांगितलं, थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, म्हणून भूक, घाम, धडधड, कापरं. गोळ्या सुरू झाल्या. धडधड कमी झाली, वजन जरा धरलं. पण गळा काही उतरेना, उलट वाढतच गेला. गोळी कमी केली की पुन्हा सगळं पहिल्यासारखं. डॉक्टर चांगला माणूस होता, तोही कोड्यात पडला.

“अक्का, गोळी चुकवता का मधूनमधून?”

“मी काय चुकवत न्हाय,” अक्का म्हणाल्या. हे मात्र सगळं सोलापूर सांगू शकलं असतं.

त्यात डोकेदुखी. कपाळाला फडकं आवळून बांधून त्या कामाला यायच्या. चहाचा ग्लास हाताशी ठेवला की कोपर लागून सांडायचा. सुट्टीच्या वेळी फाटकातून सायकली सुटायच्या, त्यांच्याशी तर रोजचं भांडण. “हल्ली सायकलवाल्यास्नी डोळंच न्हाईत. बाजूनं येत्यात आन् अंगावरच घालत्यात.” आम्ही हसायचो. बिचारे सायकलवाले घंटी वाजवून वाजवून थकलेले असायचे.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. बाजारातून एक गठ्ठा परत आला. सगळ्या चादरींत चुका, आणि सगळ्यांच्या कोपऱ्यात लाल टाका. असं कधी झालं नव्हतं. शेठजींनी तो गठ्ठा घडी खात्यात ठेवला. पुढच्या महिन्यात दुसरा आला. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, बाईंचं वय झालं. एकजण म्हणाला, कुणाच्या तरी चादरी त्या मुद्दाम सोडत असतील. हे अक्कांच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्याकडे बघितलं नाही. स्वतःचाही उघडला नाही.

“तम्मा, टाका कुणी दुसरं घालतंय काय रं?”

“नाही अक्का. सुई तुमच्याच डब्यात असते.”

“मग कसं?”

याचं उत्तर घेऊन आला नरसय्या. दुपारची वेळ होती. चादर नेहमीसारखी खांद्यावर, पण चाल तरातरा नव्हती. तो टेबलाशी येऊन उभा राहिला, आणि मी त्याला इतक्या हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

“अक्का, ही माज्या मागाची. काठाला धोटा चुकला हुता, मला म्हाईत हुतं. तुमी परत करणार म्हणून मी वाट बघत बसलो. आली न्हाय. जाऊन बघितलं तर गठ्ठ्यात, टाका घातलेली.”

“मग काय,” अक्का म्हणाल्या, “पास झाली तर तक्रार घिऊन आलास व्हय?”

“व्हय. तक्रारच हाय. माजी चूक तुमी सोडत न्हाय. सोडली म्हंजे तुमाला काय तर झालंय.”

मला वाटलं, आता अक्का ह्याला फाडून खातात. पण त्यांनी चादर टेबलावर पसरली, पायथ्याशी उभ्या राहिल्या, हनुवटी उचलली आणि मधोमध बघितलं.

“काय बी न्हाय हिच्यात.”

“मान वळवून बघा अक्का.”

“मी कदी मान वळवली न्हाय.”

“आज वळवा. माज्यासाटी.”

अक्कांनी मान डावीकडे वळवली. काठावर बोटभर लांबीची जाळी पडलेली होती, आंधळ्यालाही हाताला लागली असती. उजवीकडे वळवली. तिकडेही तार सुटलेली. त्या पुन्हा समोर बघायला लागल्या, पुन्हा मान वळवली. असं काही वेळ चाललं. मग मला म्हणाल्या, तो परत आलेला गठ्ठा सोड. मी एकेक चादर पसरत गेलो आणि त्या मान वळवून बघत गेल्या. चुका होत्या त्या सगळ्या काठाला. मधली एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

“काठ गेलं की रं माजं,” अक्का म्हणाल्या. नरसय्या तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने तोंड फिरवलं.

संध्याकाळी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, अक्कांना सांगितलं, माझ्या नाकाकडे बघा, आणि स्वतःचे दोन्ही हात बाजूला धरून बोटं हलवली. अक्कांना बोटं दिसली नाहीत. हात आत आणत आणत ते जवळजवळ स्वतःच्या खांद्याशी आले तेव्हा अक्का म्हणाल्या, आता दिसतंय. डॉक्टर म्हणाले, “अक्का, गळ्याचं नाहीये हे. वर काहीतरी आहे. मुंबईला जावं लागेल, आणि लवकर.” मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांशी ते स्वतः फोनवर बोलले.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी अक्का कामावर आल्या. काम नव्हतं, शेठजींनी रजा दिली होती. त्या टेबलाशी बसल्या, परत आलेल्या चादरी पुढ्यात ओढल्या आणि ब्लेडने एकेक लाल टाका उसवायला लागल्या. हात कापत होता, डोकं दुखत होतं, कपाळाला फडकं. शेठजी आले, म्हणाले, अक्का, राहू द्या, आम्ही त्या स्वस्तात काढून टाकू, कुणाला कळणार नाही.

“इका की. माजा टाका ठिऊन न्हाय इकायच्या.”

मी मदतीला ब्लेड घेतलं तर माझ्या हातावर चापट बसली. घातले त्यांनी होते, काढणार त्याच. शेवटची झाल्यावर लाल दोऱ्यांचे तुकडे पदरात गोळा केले आणि मला म्हणाल्या, “अजून कायकाय बाजारात गेल्या असतील तम्मा. कुटं दिसली तर माजा टाका काढ. कुणाच्या घरात का असंना.” मी हो म्हटलं. परगावी मरायला निघालेला माणूस घरदार, दागिना कुणाच्या तरी हवाली करतो. अक्कांनी माझ्या हवाली हे केलं.

मुंबईला त्यांचा भाऊ आणि मी बरोबर गेलो. तिथे डोक्याचा एक्स-रे झाला, रक्त तपासायला गेलं. मोठे डॉक्टर आमच्याशी मराठीत बोलले. कुठून आलात, काय काम करता, सगळं विचारलं. मी शेडचं वर्णन सांगितलं. आमच्याकडे तेव्हा वर एकच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे खाली उतरून सगळे माग चालायचे. डॉक्टरांना ते पटकन आवडलं.

“मग असं समजा अक्का, तुमचा एक माग फार पळत होता. आपण मागालाच धरून ठेवत होतो. मागाचा दोष नाही, वर शाफ्टच जोरात फिरतोय.” त्यांनी दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. इथून आत, डोक्याच्या तळाशी, एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. गळ्यातल्या ग्रंथीने किती काम करायचं याचा हुकूम ती देते. तिच्यावर गाठ झाली आहे आणि ती गाठ हुकूम सोडतच राहते, थांबत नाही. एरवी गळा पळायला लागला की वरचा हुकूम आपोआप बंद होतो. अक्कांच्या रक्ताच्या तपासणीत गळ्याचं कामही जास्त दिसत होतं आणि वरचा हुकूमही जास्त. असं फार क्वचित दिसतं, म्हणाले. आणि त्या ग्रंथीच्या बरोबर वरून दोन्ही डोळ्यांच्या नसा जातात. गाठ वाढून तिथे दाबते आहे, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं.

अक्का सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. “म्हंजे गळ्याची चूक न्हवती.”

“नव्हती.”

“उगं बोल खाल्लं बिचाऱ्यानं,” अक्का म्हणाल्या आणि गळ्यावरून हात फिरवला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. डोकं उघडावं लागेल, जिवाला धोका आहे, आणि गाठ निघाली तरी गेलेली नजर किती परत येईल हे सांगता येत नाही. भाऊ रडायला लागला. म्हणाला, अक्का, नको, गोळ्यांवर राहू, समोरचं दिसतंय तेवढं पुरे.

“साकु रे, साकु,” अक्का त्याला म्हणाल्या. पुरे झालं. मग डॉक्टरांकडे वळून, “मधलं घिऊन मी काय करू? मधलं कुणीबी बघतंय. मला काठ पायजेत.”

ऑपरेशनच्या आधी डोक्यावरचे केस काढायला बाई आली. केस गुडघ्यापर्यंत नसले तरी कमरेपर्यंत होते. अक्का म्हणाल्या, केस काय, येत्यात. त्यांना आत नेलं तेव्हा स्ट्रेचरवरही त्यांची नजर सरळ समोर, छताच्या मधोमध होती. मला कळलं की त्या आता काठ बघायचा प्रयत्न करताहेत.

त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. आम्ही बाहेर बसून होतो आणि ऑपरेशन खूप वेळ चाललं, एवढंच आठवतं. अक्का जगल्या. दोन दिवस गुंगीतच होत्या. तिसऱ्या दिवशी मी खाटेशी बसलो होतो. मुंबईचा तो घामट उकाडा, वॉर्डातले सगळे पेशंट पंख्याकडे तोंड करून पडलेले. अक्कांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“तम्मा, फॅन बंद कर. थंडी वाजतीया.”

भावाला वाटलं ताप भरला, तो नर्सला बोलवायला धावला. मी मात्र तिथेच बसून ढसाढसा रडलो. इतक्या वर्षांत अक्कांना थंडी वाजलेली मी पाहिली नव्हती. मी व्हरांड्यात झोपायला घरची चादर आणली होती, ती आणून त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी हाताने चाचपत कोपरा शोधला आणि बोटाने टाका बघितला.

“माजाच हाय काय?”

“तुमचाच.”

“जुना दिसतोय. सरळ हाय.”

आणि त्या झोपल्या. त्यांचा हात चादरीवर होता आणि तो कापत नव्हता.

सोलापूरला परतल्यावर काही महिने त्या घरी होत्या. रोजच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. गळा हळूहळू उतरला. नजर परत आली, पण सगळी नाही. अगदी टोकाला, वरच्या अंगाला, धूसरच राहिलं. शेठजींनी माणूस पाठवून निरोप दिला की बसून करायचं हलकं काम देतो, धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरण्यावर देखरेख करा. अक्कांनी त्या माणसाला चहा पाजला आणि सांगितलं, सोमवारी टेबलावर येते.

सोमवारी डोक्यावरून पदर घट्ट लपेटून त्या आल्या. पदराखाली बोटभर केस उगवले होते. मागांच्या शेडमधली माणसं या ना त्या निमित्ताने मागच्या दारात जमली. पहिली चादर नरसय्याने आणली. आता चादर खांद्यावर नव्हती, दोन्ही हातांत धरली होती. टेबलावर पसरली. अक्का पायथ्याशी उभ्या राहिल्या, हनुवटी उचलली, मधोमध बघितलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, टेबलाच्या डाव्या बाजूने चालत गेल्या, पूर्ण काठ डोळ्यांखालून घातला, वळसा घालून उजव्या काठाने परत आल्या. घाई नाही. पळणारा हात गेला होता. जुना हात परत आला होता.

त्यांनी उजव्या काठावर बोट टेकवलं.

“परत.”

नरसय्याने चादर उचलली, डोक्यावर घेतली आणि शेडमधून मिरवत निघाला. प्रत्येक मागाशी थांबून काठ दाखवायचा आणि म्हणायचा, “परत केली. अक्कांनी परत केली.” त्याने स्वतःच्या पैशाने शेडभर चहा पाजला. चादर परत आली म्हणून चहा पाजणारा विणकर सोलापुरात तेव्हाही तो एकटाच असेल. मला वाटतं, त्या दिवशी आमच्या कारखान्यात सगळ्यांचीच छाती फुगली होती, अगदी शेठजींचीही.

नरसय्या गेल्यावर मी हळूच म्हटलं, अक्का, त्याने मुद्दाम केली असेल चूक.

“मला कळत न्हाय व्हय? मुद्दाम केलेली जरा सुबक असती,” अक्का म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात ओवला गेला.

पुढे कारखाना बंद पडेपर्यंत अक्का त्या टेबलाभोवती चालत राहिल्या. काम निम्म्याने झालं, पण टाका असलेली चादर पुन्हा बाजारातून परत आली नाही. थंडीत त्या आता आमच्यासारखंच मफलर बांधायच्या आणि पंखा कुठल्या बाजूला फिरवायचा यावरून माझ्याशी भांडायच्या.

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या त्या झोपेत. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं. मान सरळ, हनुवटी जरा वर, चेहरा समोर. नरसय्या माझ्याशेजारी उभा होता. आम्हा दोघांनाही टेबलच आठवलं असणार.

त्यांनी सांगितलेलं काम मी विसरलो नव्हतो. कुणाच्या लग्नाला जावं, लॉजवर उतरावं, पाहुण्यांकडे मुक्काम करावा, चादर दिसली की मी आधी काठ बघायचो, मग कोपरा. लोकांना वाटायचं, ह्याला ढेकणांची भीती आहे. तसली चादर मला कुठेही सापडली नाही. अक्कांच्या त्या सगळ्या चादरी विरून गेल्या असतील, असं मी धरून चाललो.

मागच्या वर्षी मुलीच्या घरी पाठवायला म्हणून बायकोने ट्रंक उघडली. दिवाळीला कारखान्यातून आम्हा प्रत्येकाला एकेक चादर मिळायची. त्यातली एक, अक्कांच्या दुखण्याच्या वर्षातली, कधी वापरलीच नव्हती. चांगल्या कामासाठी म्हणून जपून ठेवली होती. बायकोने ती खाटेवर पसरली आणि म्हणाली, अगदी नव्यासारखी आहे बघा, काय सुंदर फुलं आहेत. मी सवयीने आधी काठ बघितला. डाव्या काठाला जाळी होती, उजव्याला तार सुटलेली. कोपरा उलटला. लाल टाका, तिरका.

“राहू द्या की,” माझ्या हातात ब्लेड बघून बायको म्हणाली. “तेवढीच त्यांची आठवण.”

मी म्हटलं, आठवण आहे म्हणूनच काढतोय. डोळे आता माझेही धड नाहीत, हातही कापतो. कोपर खाटेला टेकवून, मनगट धरून मी तो टाका उसवला. दोरा रंगाने अजून तसाच लाल होता. मग चादरीचे दोन कोपरे मी धरले आणि दुसऱ्या टोकाला ये म्हणून बायकोला हाक मारली. घडी घालायची होती, आणि ती एकट्याने नीट होत नाही.